गोचीड निघाली, काळा ठिपका आत राहिला: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन दिवस रानातून चालून आल्यावर मांडीच्या मागे मस आल्यासारखं काहीतरी हाताला लागलं. नीट पाहिलं तर त्याला पाय होते आणि ते हलत होते. घाबरून नखांनी ओढून गोचीड काढली आणि टाकून दिली. आता तिथे काळा ठिपका राहिला आहे, भोवती नखाएवढी लाली आहे, खाज येते. डोकं आत राहिलं का? ते काढायलाच हवं का? रक्त तपासावं का? अँटिबायोटिक आजच सुरू करावं का?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. ठिपक्याची काळजी सोडा. आज रक्त तपासून काहीही कळणार नाही. अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. काही ठराविक परिस्थितीत लाइम या गोचिडीतून होणाऱ्या जंतुसंसर्गासाठी प्रतिबंधक औषधाचा एकच डोस देतात, तो मात्र गोचीड काढल्यापासून 72 तासांच्या आत द्यायचा असतो, म्हणून त्याबद्दलचा खालचा भाग आजच वाचा. आणि एक काम आत्ताच करा: गोचीड कधी काढली ती तारीख, त्याआधी कुठल्या भागात फिरलात आणि अंगावर कुठे चिकटली होती, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप आला तर तुमच्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती हीच असेल.

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. माणसं आत राहिलेल्या तुकड्यासाठी धावत येतात आणि दहा दिवसांनी ताप आला की गोचिडीचा विषयही काढत नाहीत. खरं तर भीती उलटी असायला हवी. तुकडा क्वचितच त्रास देतो. गोचिडीची आठवण न ठेवल्यामुळे उशिरा ओळखला गेलेला ताप मात्र जीव घेऊ शकतो.

त्या ठिपक्याचं नेमकं काय असतं ते सांगते. गोचिडीला आपल्या कल्पनेतलं डोकं नसतंच. शरीराच्या पुढच्या टोकाला तोंडाचे भाग असतात: त्वचा कापणारी दोन छोटी पाती आणि आत रोवली जाणारी एक सोंड. या सोंडेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, माशाच्या गळासारखे. आत सहज शिरतात, बाहेर येताना अडकतात. बऱ्याच जातींच्या लाळेत सोंडेभोवती घट्ट होणारा चिकट पदार्थही असतो. त्यामुळे घाईत वेडीवाकडी ओढली की शरीर हातात येतं आणि सोंड आत तुटते. पण आजाराचे जंतू असतात ते गोचिडीच्या लाळग्रंथींत आणि आतड्यात, म्हणजे तुम्ही फेकून दिलेल्या भागात. उरलेली सोंड निर्जीव असते, ती आणखी काही सोडत बसत नाही. वर डोकावत असेल आणि स्वच्छ चिमट्याने सहज निघत असेल तर काढा. नसेल तर साबण-पाण्याने धुऊन सोडून द्या. त्वचा भरून येताना शरीर तो तुकडा स्वतःच बाहेर ढकलतं. सुईने टोकरून किंवा ब्लेडने चिरून लोक तिथे पू करून घेतात, आणि मग त्या पुवाचं खापरही गोचिडीवर फुटतं. काही जणांना त्या जागी छोटी कडक गाठ येते, ती कित्येक आठवडे राहते आणि मधूनमधून खाजते. ती त्रासदायक आहे, धोक्याची नाही.

आता लालीबद्दल. चावल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत येणारी, लहान, खाजणारी लाली ही लाळेची अ‍ॅलर्जी असते. डास चावल्यावर येते त्याच जातीची, जरा जास्त चिवट. ती हळूहळू विरते. लाइम आजाराचा चट्टा वेगळा वागतो. तो चावल्यानंतर 3 ते 30 दिवसांनी उमटतो, बहुतेकदा आठवड्याभराच्या आसपास. तो दिवसेंदिवस पसरत जातो, 5 सेंटिमीटरपेक्षा मोठा होतो, हाताला किंचित गरम लागू शकतो आणि सहसा खाजत किंवा दुखत नाही. चित्रांमध्ये दाखवतात तशी मध्ये पांढुरकी आणि कडेला लाल अशी कडी दर वेळी दिसतेच असं नाही. कित्येकदा तो नुसता एकसारखा लाल असतो. सावळ्या किंवा गडद त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट, तपकिरी किंवा खरचटल्यासारखा दिसतो आणि म्हणून नजरेतून सुटतो. तुमच्यासाठी सोपा उपाय: आज लालीची कड बॉलपेनने आखून घ्या आणि रोज उजेडात एक फोटो काढा. कड रेषेच्या आत आत येत गेली तर निश्चिंत व्हा. रेषा ओलांडून वाढू लागली तर डॉक्टरांकडे जा आणि फोटो दाखवा. लाली झपाट्याने वाढते आहे, ठणकते आहे, पू दिसतो आहे किंवा तिथून वर लाल रेघ निघाली आहे, तर तो त्वचेचा साधा जंतुसंसर्ग असतो. त्यालाही उपचार लागतात, वाट पाहू नका.

पुढच्या वेळी गोचीड दिसली तर ती कशी काढायची हे शिकून ठेवा, कारण रानात जाणाऱ्याला ती पुन्हा भेटणारच. बारीक टोकाचा चिमटा हवा, भुवयांसाठी वापरतात तो चपट्या टोकाचा असेल तर त्याने नाइलाजाने भागवायचं. गोचिडीला शरीरावर पकडायचं नाही, त्वचेला अगदी लागून, जिथे तोंड आत गेलंय तिथे पकडायचं. मग सरळ वर, सावकाश, एकसारख्या जोराने ओढायचं. त्वचा तंबूसारखी वर उचलली जाईल. तशीच ताणून धरा, घाई करू नका, काही क्षणांत पकड सुटते. हिसका द्यायचा नाही, पिळायचं नाही. चिमटा नसेल तर बोटांना प्लास्टिकची पिशवी किंवा जाड टिश्यू गुंडाळून त्याच पद्धतीने काढा. चिमट्याच्या शोधात पुढच्या दिवसापर्यंत थांबण्यापेक्षा हे बरं. खाच असलेले खास प्लास्टिकचे आकडेही मिळतात. ते त्वचेलगत सरकवून त्यांच्या सूचनेप्रमाणे वापरायचे, आणि फुगलेल्या मोठ्या गोचिडीसाठी ते चांगले काम करतात.

मग साबण-पाण्याने जागा आणि हात धुवायचे, वर स्पिरिट किंवा अँटिसेप्टिक लावायचं. गोचीड नखांत चिरडायची नाही. तिच्या पोटातलं रक्त आणि जंतू तुमच्या बोटांवरच्या बारीक चिरांतून किंवा हात डोळ्याला लागून आत जाऊ शकतात, आणि एक-दोन आजार तर असे आहेत की ते याही वाटेने पसरतात. तिला चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका, वर तारीख लिहा. जात ओळखायला लागली तर ती कामी येते. फोटो काढून ठेवलात तरी चालेल. गोचीड प्रयोगशाळेत पाठवून तिच्यात जंतू आहेत का हे तपासण्याच्या फंदात मात्र पडू नका. जंतू सापडला म्हणजे तो तुमच्यात शिरला असं होत नाही, आणि नाही सापडला तरी दुसरी एखादी गोचीड तुमच्या लक्षात न येता चावून गेलेली असू शकते.

रॉकेल, पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, जळती काडी, तंबाखू, मीठ यांपैकी काहीही लावू नका. हे उपाय इतके खोलवर रुजलेत की मला दर वेळी कारणासकट सांगावं लागतं. गोचीड श्वास फार संथ घेते, त्यामुळे तिला गुदमरवायचं म्हटलं तर कित्येक तास जातात आणि तितका वेळ ती तुमच्या अंगात सोंड रोवूनच असते. शिवाय चटका किंवा रसायनाने ती बिथरते आणि लाळ व पोटातला ऐवज जखमेत सोडण्याची शक्यता वाढते, म्हणजे जे टाळायचं तेच आपण घडवून आणतो. भाजलेली त्वचा ती वेगळीच. याला एक अपवाद आहे. ज्यांना गोचीड चावून आधी गंभीर अ‍ॅलर्जी झाली आहे, त्यांना ऑस्ट्रेलियात गोचीड जागच्या जागी खास फवाऱ्याने गोठवून मारायला सांगतात, कारण ओढताना सुटलेली लाळ त्यांच्या जिवावर बेतू शकते. तो सल्ला अशाच रुग्णांसाठी आहे.

पापणीच्या कडेला किंवा कानाच्या नळीत गोचीड असेल तर स्वतः प्रयत्न करू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. आणि कधी कधी पायांवर तपकिरी भुकटी सांडल्यासारखे शेकडो ठिपके दिसतात आणि प्रचंड खाज सुटते. ती गोचिडीची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं असतात, गवताच्या एकाच पात्यावरून थव्याने आलेली. प्रत्येकीला चिमट्याने काढत बसणं शक्य नसतं. रुंद चिकटपट्टी दाबून उचलली की बरीचशी निघतात, उरलेली साबण आणि खरखरीत कापडाने.

गोचीड किती वेळ चिकटली होती हे मी का विचारते, हे समजायला तिचं जगणं थोडं पाहावं लागतं. ती कीटक नाही. कोळी आणि विंचू यांच्या कुळातली आहे. पिल्लाला सहा पाय, पुढच्या दोन अवस्थांमध्ये आठ. कडक पाठीच्या गोचिडी प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्त पितात आणि त्या एकेका जेवणाला काही दिवस घेतात. पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त चिकटून राहते. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून नेम धरून पडतही नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी मागच्या पायांनी धरून, पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते. त्या पुढच्या पायांवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि वास टिपणारं इंद्रिय असतं. तुम्ही घासून गेलात की ती कपड्याला धरते आणि मग वर वर चढत जाते. म्हणूनच ती मांडी, जांघ, कंबर, काख, मान अशा ठिकाणी सापडते. तिच्या लाळेत जागा बधिर करणारे, रक्त गोठू न देणारे आणि शरीराचा प्रतिकार दाबणारे पदार्थ असतात. त्यामुळे ती चावल्याचं कळतच नाही. आजार झालेल्या पुष्कळ लोकांना गोचीड चावल्याचं आठवत नाही ते याचमुळे. मधल्या वयाची गोचीड तर खसखशीच्या दाण्याएवढी असते.

पहिल्या काही तासांत ती मुख्यतः जम बसवत असते. लाइमचे जंतू गोचिडीच्या आतड्यात असतात, रक्त यायला लागल्यावर ते जागे होऊन लाळग्रंथींपर्यंत प्रवास करतात. याला वेळ लागतो. अमेरिकेतल्या लाइम पसरवणाऱ्या गोचिडीच्या बाबतीत साधारण 36 ते 48 तास. म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासून गोचीड काढणाऱ्याला लाइमचा धोका फारच कमी. पण हा हिशेब सगळ्या आजारांना लावू नका. मेंदूज्वर करणारे काही विषाणू आधीच लाळेत तयार असतात आणि काही मिनिटांतच शिरू शकतात. ठिपक्यांचा ताप आणणाऱ्या रिकेट्सिया जातीच्या जंतूंना काही तास पुरतात. ‘चोवीस तासांच्या आत काढली, आता काही होत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. लवकर काढल्याने धोका कमी होतो, पण पुढचा महिना लक्ष ठेवणं त्याने सुटत नाही.

तर हा महिना. ताप, थंडी, डोकं फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, पुरळ, काखेत किंवा जांघेत अवधाण, यांपैकी काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मला अमुक तारखेला अमुक भागात गोचीड चावली होती.’ सुरुवातीला हे सगळे ताप फ्लू, डेंग्यू किंवा मलेरियासारखेच दिसतात. नुसतं तपासून वेगळं ओळखता येत नाही, वेगळेपण तुमच्या त्या वाक्यात असतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रिकेट्सियाच्या तापाची, कारण हा बरा होणारा आजार आहे आणि तरीही उशिरामुळे माणसं दगावतात. हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकी डॉक्टरने 1906 मध्ये दाखवून दिलं की रॉकी पर्वतातला ठिपक्यांचा ताप गोचिडीतून पसरतो. चारच वर्षांनी, 1910 मध्ये, टायफसवर काम करताना त्याच आजाराने मेक्सिकोत त्यांचा मृत्यू झाला. या जंतूंच्या कुळाला त्यांचंच नाव आहे. त्यांचे भाऊबंद जगभर आहेत: भूमध्य समुद्राच्या भोवताली, आफ्रिकेत आणि भारतात वेगवेगळ्या जाती आढळतात. चावल्यानंतर साधारण 3 ते 12 दिवसांनी ताप येतो, त्यानंतर दोन-चार दिवसांनी पुरळ. मनगट आणि घोट्यांपासून सुरू होऊन तळहात-तळपायांवर येणारं पुरळ दिसलं की मी दुसरा विचार करत नाही, कारण साध्या विषाणूंच्या तापात तळवे बहुधा सुटतात. काही जातींमध्ये चावलेल्या जागी भाजल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण दाखवत नाही. ती काख, जांघ, स्तनांखाली, केसांत शोधावी लागते.

यावरचं औषध डॉक्सिसायक्लिन, आणि ते संशय आल्याबरोबर सुरू करायचं असतं. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी बहुधा निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात. रिपोर्टची वाट पाहण्यात जे दिवस जातात तेच मोलाचे असतात. पहिल्या पाच दिवसांत औषध सुरू झालं तर परिणाम सर्वांत चांगले मिळतात आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिनने दात पिवळे पडतात म्हणून द्यायचं नाही, असं पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं. ती भीती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आली होती. रिकेट्सियाच्या संशयात थोड्या दिवसांचा कोर्स आता लहान मुलांनाही दिला जातो आणि दिला गेलाच पाहिजे. पालकांनी यावर अडून बसू नये, ही माझी कळकळीची विनंती.

खपलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते: स्क्रब टायफसमध्येही अशीच काळी खपली येते, पण तो गोचिडीमुळे होत नाही. तो तिच्या दूरच्या नातलगांमुळे, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांमुळे होतो. औषध तेच असल्याने उपचार अडत नाहीत.

सह्याद्रीच्या जंगलांत फिरणाऱ्यांनी माकडताप माहीत करून घ्यायला हवा. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडली, तेव्हा हा विषाणू सापडला. म्हणून त्याचं अधिकृत नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. पुढे तो सिंधुदुर्ग, गोवा आणि केरळातही आढळला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे मधल्या वयाच्या गोचिडी पालापाचोळ्यात भरपूर असतात तेव्हा, त्याचा जोर असतो. चावल्यानंतर 3 ते 8 दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळात कळा, स्नायू दुखणं, उलट्या, आणि काहींना नाका-हिरड्यांतून रक्तस्राव. ताप उतरून बरं वाटल्यावर एक-दोन आठवड्यांनी काही रुग्णांना तो पुन्हा येतो आणि या वेळी मेंदूवर परिणाम होतो. साधारण शंभरातले 3 ते 5 रुग्ण दगावतात. विषाणू मारणारं खास औषध नाही. वेळेवर दाखल होऊन पाणी, रक्तस्राव आणि रक्तदाब सांभाळणं हाच उपचार. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही, त्यामुळे घरातल्या रुग्णाला घाबरू नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता, जवळही न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात.

क्रायमियन-काँगो हा विषाणूचा ताप गोचीड चावून होतो, तसाच ती हाताने चिरडल्याने आणि आजारी जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्ताशी संपर्क आल्यानेही होतो. 2011 मध्ये गुजरातमध्ये तो पसरला तेव्हा रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. गुरांच्या गोचिडी उघड्या हाताने काढून नखावर मारणाऱ्या प्रत्येकाला मी हातमोजे घालायला सांगते ते या आजारासाठी. युरोप आणि उत्तर आशियात गोचिडीचा मेंदूज्वर असतो. त्यावर चांगली लस आहे आणि तिथल्या जंगलांत राहायला जाणाऱ्यांनी ती आधीच घ्यावी. अमेरिकेत अ‍ॅनाप्लाझ्मा आणि एर्लिकिया हे जंतू आढळतात, त्यांच्यात तापासोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, आणि त्यांनाही डॉक्सिसायक्लिनच लागतं. बॅबेसिया हा परजीवी मलेरियासारखा तांबड्या पेशींत शिरतो. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांच्यासाठी तो घातक ठरू शकतो.

लाइमकडे वळते, कारण त्याचं नाव तुम्ही नक्की वाचलं असेल. 1970 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम गावाच्या आसपास अनेक मुलांचे सांधे सुजत होते. पॉली मरे या एका आईने आपल्या कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या लक्षणांच्या तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदी घेऊन ती आरोग्य खात्यामागे लागली, तेव्हा शोध सुरू झाला. गोचिडीतला मळसूत्री जंतू विली बर्गडॉर्फर यांनी ओळखला आणि 1982 मध्ये ते जगापुढे आलं. तारखा लिहून ठेवा असं मी सांगते तेव्हा मला हटकून त्या आईची आठवण होते.

हा आजार मुख्यतः उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या समशीतोष्ण भागांत, विशिष्ट गोचिडींमुळे होतो. वेळेवर ओळखला तर दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने बरा होतो. दुर्लक्ष झालं तर तोंडाची एक बाजू लुळी पडणं, हृदयाच्या ठोक्यांत बिघाड, गुडघ्याला मोठी सूज, असे त्रास आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतात. चट्टा स्पष्ट असेल तर रक्ततपासणीची गरजच नसते, थेट उपचार करायचे; त्या टप्प्यावर तपासणी निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. प्रतिबंधक डोस, म्हणजे मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन 200 मिलिग्रॅम एकदाच, तीन गोष्टी जुळल्या तरच द्यायचा: भाग लाइमचा आहे, गोचीड त्याच जातीची आहे आणि ती 36 तासांहून जास्त चिकटलेली होती. आणि काढल्यापासून 72 तास उलटलेले नसावेत. तुम्ही अशा भागात गेला नसाल तर या डोसाचा काही उपयोग नाही. गेला असाल तर आजच डॉक्टरांना फोन करा. इतर कुठल्याही गोचिडीजन्य आजारासाठी ‘आधीच घेऊन ठेवतो’ म्हणून अँटिबायोटिक घेण्याने संरक्षण मिळत नाही, रिकेट्सियात तर ताप फक्त पुढे ढकलला जाऊ शकतो आणि निदान आणखी अवघड होतं.

जंतूंशी संबंध नसलेले दोन त्रास आहेत. एक म्हणजे गोचिडीचा लकवा. काही जातींच्या माद्यांच्या लाळेत नसांवर परिणाम करणारं विष असतं. गोचीड चार-पाच दिवस चिकटून राहिली की पाय अडखळतात, मग लुळेपणा वर वर चढतो आणि श्वासापर्यंत पोहोचू शकतो. लहान मुलांमध्ये, विशेषतः लांब केसांच्या मुलींमध्ये, गोचीड डोक्यात दडलेली असते आणि मूल गियाँ-बारे या नसांच्या आजाराचा रुग्ण म्हणून दाखल होतं. असं मूल आलं की केसांत बोटं फिरवून टाळू तपासायला दोन मिनिटं लागतात. गोचीड काढल्यावर बहुतेक ठिकाणच्या जातींत एका दिवसात ताकद परत येऊ लागते. ऑस्ट्रेलियातल्या जातीत मात्र काढल्यानंतरही दोन दिवस लक्षणं वाढू शकतात, म्हणून रुग्णाला लगेच घरी सोडत नाहीत.

दुसरा त्रास लाल मांसाच्या अ‍ॅलर्जीचा. गोचिडीच्या लाळेत अल्फा-गॅल नावाची साखर असते, तीच सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. वारंवार चावून शरीर तिच्याविरुद्ध तयार झालं की मांस खाल्ल्यावर लगेच नव्हे, तर 2 ते 6 तासांनी अंगावर गांधी, पोटात कळा, कधी श्वास कोंडणं आणि रक्तदाब कोसळणं असं होतं. रात्री जेवलेला माणूस पहाटे उठतो तो अंगभर गांधी घेऊन, आणि जेवणाशी संबंध कुणी जोडत नाही. सिडनीच्या डॉक्टर शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी 2007 मध्ये हा धागा गोचिडीपर्यंत नेला. अशा पहाटेच्या गांधी वारंवार येत असतील तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना गोचीड चावल्याचं जरूर सांगा.

तापासोबत पुढीलपैकी काहीही दिसलं तर दवाखान्याची वेळ पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा: बरळणं किंवा गुंगी, मान ताठरणं, झटका, कुठूनही रक्त येणं, दम लागणं, लघवी फार कमी होणं, हातापायांतली ताकद जाणं, तोंड वाकडं होणं. गरोदर बाई, लहान बाळ, प्लीहा काढलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारा रुग्ण यांच्या बाबतीत साध्या तापालाही हाच नियम.

पुढच्या वेळी जाण्याआधी: फिकट रंगाची पूर्ण लांबीची पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले. विचित्र दिसतं, पण गोचीड बाहेरच्या बाहेर वर चढते आणि फिकट कापडावर दिसते. उघड्या त्वचेवर 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन (दोन्ही गोचिडी-डासांना दूर ठेवणारी रसायनं) असलेलं मलम किंवा फवारा. परमेथ्रिन हे कीटकनाशक 0.5 टक्के, फक्त कपड्यांवर आणि बुटांवर मारायचं, अंगावर नाही. कपडे पूर्ण वाळल्यावरच घालायचे आणि ओले असताना मांजराला जवळ येऊ द्यायचं नाही, तिच्यासाठी ते विष आहे. पायवाटेच्या मधून चाला, पालापाचोळ्यावर थेट बसू-झोपू नका. परतल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा आणि अंग चाचपून पाहा: टाळू, कानामागे, मान, काखा, बेंबी, कंबरेची शीव, जांघ, गुडघ्यामागची खळी, पायाच्या बोटांच्या बेचक्या. नुसतं कपडे धुऊन गोचीड मरत नाही, थंड पाण्यातून तर ती आरामात वाचते. कडक उष्णतेच्या ड्रायरमध्ये दहा मिनिटं फिरवले तर कोरडेपणाने मरते.

घरात कुत्रा असेल तर त्याच्या अंगावरच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्याने वर्षभर चालू ठेवा. कुत्र्यांची तपकिरी गोचीड घरातच वंश वाढवू शकते. एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते आणि पिल्लं रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे नुसता कुत्र्याला आंघोळ घालून प्रश्न सुटत नाही. फटी, अंथरूण, झोपायची जागा, सगळंच एकदम साफ करावं लागतं.

तुमच्याबरोबर जे कोणी रानात आले होते, त्यांनाही आजच फोन करून अंग तपासायला सांगा. मुलं बरोबर असतील तर त्यांचं डोकं मोठ्यांनी स्वतः पाहावं, ‘काही नाहीये’ या त्यांच्या उत्तरावर थांबू नये. आणि तुमच्या लालीचा तिसऱ्या दिवसाचा फोटो, तापाची नोंद आणि कुठल्या जंगलात गेला होतात ते मला कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.